हिशेब मागायला येणारी भुतं : शार्लट रिडेल यांची गोष्ट

 

आज आपण भुताच्या गोष्टी लिहिणाऱ्या एका बाईंची ओळख करून घेणार आहोत. भूत म्हटलं की लेकरं पदराआड लपतात, पण आज त्यांना जवळ बसवा. या बाईंची भुतं मानगुटीवर बसत नाहीत. ती येतात आणि हिशेब मागतात. कुणाचं देणं राहिलं, कुणाचं मृत्युपत्र दडवलं, कुणाच्या लेकराचा वाटा कुणी खाल्ला, हे विचारायला येतात. आणि ज्या बाईंनी ही भुतं लिहिली, त्यांचं स्वतःचं अर्धं आयुष्य दुसऱ्याचं कर्ज फेडण्यात गेलं. म्हणूनच ही गोष्ट बचत गटाच्या बायकांनी ऐकावी असं आम्हाला वाटलं.

बाईंचं नाव शार्लट. आयर्लंडच्या उत्तर भागात समुद्रकाठी कॅरिकफर्गस नावाचं गाव आहे, तिथं ३० सप्टेंबर १८३२ रोजी त्यांचा जन्म झाला. तेव्हा आयर्लंडवर ब्रिटनचं राज्य होतं. वडील जेम्स कोवन त्या भागातले मोठे मानकरी. जिल्ह्याच्या शेरीफचं पद त्यांनी सांभाळलेलं. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती. ही सगळ्यांत धाकटी लेक. वयाच्या पंधराव्या वर्षी तिनं चांदण्या रात्री एक अख्खी कादंबरी लिहायला घेतली आणि पुरी होईपर्यंत थांबली नाही, असं पुढं त्यांनीच एका मुलाखतीत सांगितलं.

मग वडील गेले आणि घराची घडी विस्कटली. मोठ्या घराचा थाट कर्त्या माणसाबरोबर कसा जातो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. मायलेकी काही काळ जवळच्या डंडोनल्ड गावात राहिल्या. मग १८५५ साली दोघींनी बोचकं बांधलं आणि लंडन गाठलं. लेकीच्या लिखाणावर पोट भरायचं, एवढाच बेत. ओळख ना पाळख. त्यात आईला कर्करोग. विशी ओलांडलेली ही मुलगी सकाळी आजारी आईचं करायची, मग हस्तलिखित बगलेत मारून एका प्रकाशकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जायची. नकार घेऊन परतायची आणि रात्री पुन्हा लिहायला बसायची. वर्षभरातच आई गेली.

१८५६ साली त्यांची पहिली कादंबरी निघाली, पण तिच्यावर शार्लट हे नाव नव्हतं. आर. व्ही. स्पार्लिंग या नावानं ती छापली गेली. पुढच्या वर्षीची कादंबरी रेनी हॉथॉर्न या नावानं, आणि १८५८ पासून काही वर्षं एफ. जी. ट्रॅफर्ड या नावानं. वाचणाऱ्याला वाटावं, लिहिणारा कुणी पुरुष असेल. बाईनं लिहिलंय म्हटलं की पुस्तक हलकं समजायचे, म्हणून त्या काळच्या कितीतरी बायका अशी नावं घेत. पुढं नाव झालं, मान मिळाला, तेव्हा त्या आपलं खरं नाव लावू लागल्या. ते होतं ‘मिसेस जे. एच. रिडेल’. आता हे जे. एच. कोण? तर जोसेफ हॅडली, त्यांचे यजमान! म्हणजे स्वतःचं म्हणून जे नाव पुस्तकावर आलं, तेही नवऱ्याचंच. मैत्रिणींनो, हे नावाचं प्रकरण लक्षात ठेवा. पुढं त्याचं काम पडणार आहे.

लग्न १८५७ सालचं. यजमान सिव्हिल इंजिनिअर. डोकं चांगलं, पण धंद्याची गणितं काही जमेनात. लंडन शहराच्या मधोमध ‘सिटी’ नावाचा भाग आहे. बँका, पेढ्या, वखारी, वकिलांची कार्यालयं, सगळा पैशाचा व्यवहार तिथं चालतो. यजमानांच्या धंद्यामुळं बाईंना हे जग जवळून दिसलं. हुंडी कशी वटते, उधारी कशी बुडते, भागीदार कसा फसवतो, दिवाळं निघालं की शेजारी कसे तोंड फिरवतात, हे सगळं त्यांनी पाहिलं. आणि तेच लिहिलं. तोवर इंग्रजी कादंबरीत बहुतेक जमीनदारांची घरं आणि त्यांची लग्नं असायची. शार्लटबाईंनी कारकून, व्यापारी, हिशेबनीस यांना कादंबरीत बसवलं. बाईला व्यवहारातलं काय कळतं म्हणणाऱ्यांना हे सणसणीत उत्तर होतं.

१८६४ साली त्यांची ‘जॉर्ज गीथ ऑफ फेन कोर्ट’ ही कादंबरी आली. नायक कोण, तर हिशेब तपासून पोट भरणारा माणूस. ती इतकी गाजली की पुढं तिचं नाटक झालं. या कादंबरीसाठी टिन्सली नावाच्या प्रकाशकानं त्यांना ८०० पौंड दिले. हा आकडाही मनात ठेवा. १८६७ पासून त्या ‘सेंट जेम्सेस मॅगझिन’ या मासिकाच्या संपादक आणि भागीदार झाल्या. दहा-बारा वर्षांपूर्वी प्रकाशकांच्या पायऱ्या झिजवणारी मुलगी आता दुसऱ्यांचं लिखाण निवडत होती.

इथं थोडं कायद्याचं बोलू. त्या काळी इंग्लंडात लग्न झालं की कायद्याच्या नजरेत बाई वेगळी माणूस उरतच नसे. तिची कमाई ती नवऱ्याची. ८०० पौंड मिळाले ते बाईंच्या लेखणीला, पण १८६४ च्या कायद्याप्रमाणं त्या पैशावर पहिला हक्क यजमानांचा. १८७० साली बायकांच्या मालमत्तेचा कायदा झाला. त्यात म्हटलं, लग्न झालेल्या बाईनं स्वतःच्या मजुरीतून, धंद्यातून, तसंच लिखाणातून किंवा कलेतून मिळवलेला पैसा तिचा स्वतःचा. पुढं १८८२ साली तिला तिची सगळी मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवता येऊ लागली. हे काही आपोआप झालं नाही. बायकांनी वर्षानुवर्षं सह्या गोळा केल्या, अर्ज दिले, तेव्हा संसदेला जाग आली.

पण कायदा बदलला म्हणून घरातलं चित्र लगेच बदलतं थोडंच? १८७१ साली यजमानांचं दिवाळं निघालं. घराचा भार लेखणीवर आधीही होताच, आता सगळाच आला. पोरंबाळं नव्हती, पण देणेकरी होते. आणि याच काळात शार्लटबाईंच्या हातून त्यांच्या सगळ्यांत टिकाऊ ठरलेल्या गोष्टी उतरल्या. त्या म्हणजे भुताच्या गोष्टी.

आपल्याकडं दिवाळीला दिवाळी अंक निघतात, तसे इंग्लंडात नाताळला खास अंक निघायचे. बाहेर कडाक्याची थंडी, चार वाजता अंधार, घरातली माणसं शेगडीभोवती बसलेली. अशा वेळी भुताची गोष्ट हवीच. संपादक आधीपासून गोष्टी मागवून ठेवत, पैसेही बरे मिळत. म्हणून एलिझाबेथ गॅस्केल, अमेलिया एडवर्ड्स, मार्गारेट ऑलिफंट अशा कितीतरी बायकांनी भुताच्या गोष्टी लिहिल्या. शार्लटबाईंनी राउटलेज प्रकाशनाच्या नाताळ अंकांसाठी लांबलचक गोष्टी दिल्या. ‘फेअरी वॉटर’ १८७३ ची, ‘द अनइनहॅबिटेड हाउस’ १८७५ ची, ‘द हॉन्टेड रिव्हर’ १८७७ ची. मग १८८२ साली ‘वीअर्ड स्टोरीज’ नावाचा सहा भूतकथांचा संग्रह आला. आजही इंग्रजी भूतकथांचे जाणकार हा संग्रह मानानं वाचतात.

आता यातल्या काही गोष्टी थोडक्यात सांगतो.

‘द अनइनहॅबिटेड हाउस’ म्हणजे कुणी राहत नाही ते घर. लंडनजवळ नदीकाठी एक देखणं घर आहे. मालकीण हेलेना नावाची पोरकी मुलगी. तिचा सांभाळ करणारी मावशी मिस ब्लेक अशी खमकी की वकिलाच्या कार्यालयात शिरली की कारकून टेबलाखाली जातील! दोघींचं पोट घराच्या भाड्यावर. पण भाडेकरू टिकेल तर ना? जो येतो तो चार दिवसांत पळतो, कारण हेलेनाचा मेलेला बाप तिथं दिसतो. एक भाडेकरू करार मोडून निघून जातो, भाडं द्यायला नकार देतो आणि प्रकरण कोर्टात जातं. आता न्यायाधीशासमोर भूत सिद्ध कसं करायचं? ही मोठी गमतीची उलटतपासणी बाईंनी रंगवली आहे. शेवटी वकिलाकडचा एक गरीब कारकून बक्षिसाच्या पैशासाठी त्या घरात राहायला जातो. तेव्हा कळतं की बापानं आत्महत्या केलीच नव्हती. तो व्याजानं पैसे देत असे. त्याच्या देण्याखाली दबलेल्या माणसाच्या हातून त्याचा जीव गेला होता. भूत फिरत होतं ते न मिटलेल्या कर्जापायी.

‘नट बुश फार्म’ ही शेतकऱ्याची गोष्ट. एक तरुण जमीन खंडानं घेतो. जमिनीची मालकीण मिस गोस्टॉक स्वतः शेती बघणारी, पैपैसाठी घासाघीस करणारी बाई. आधीचा कुळवाला अचानक गायब झालेला. गावात बोलबाला की पैसे घेऊन पोरीबरोबर पळाला. पण संध्याकाळी पायवाटेवर तोच माणूस चालताना दिसतो. शेवटी उघड होतं की तो पळालाच नव्हता, पैशासाठी त्याला मारून टाकलं होतं. मैत्रिणींनो, पळाला म्हणून बदनाम झालेल्या माणसाच्या घरच्यांनी काय काय ऐकून घेतलं असेल, याचा विचार करा. इथं भूत खून सांगायला तर येतंच, शिवाय अफवाही पुसायला येतं.

‘वॉलनट ट्री हाउस’ मध्ये एका जुन्या घरात लहान मुलाचं भूत हिंडतं. बिचारं कुणाला भिववत नाही, नुसतं काहीतरी शोधत राहतं. बहीणभाऊ पोरके, ज्याच्या हाती सांभाळायला दिले त्यानं उपाशी ठेवलं, आणि इस्टेटीचं मृत्युपत्र सापडेना. ते कागद सापडून बहिणीला तिचा हक्क मिळतो, तेव्हा त्या लेकराची फेरी थांबते. ‘द ओपन डोअर’ मध्ये एक दार आहे. कितीही वेळा लावा, पुन्हा उघडंच. नोकरी गेलेला एक कारकून पैशासाठी पहारा द्यायला जातो, आणि दारामागं असतो एक खून आणि एक हरवलेलं मृत्युपत्र.

आणि ‘द ओल्ड हाउस इन वॉक्सहॉल वॉक’. बापाशी भांडून घराबाहेर पडलेला तरुण पावसाळी रात्री एका रिकाम्या घरात आसरा घेतो. स्वप्नात त्याला एक म्हातारी सोन्याची नाणी मोजताना दिसते, आणि तिच्याभोवती तिनं मदत नाकारलेली गरीब माणसं. तिचा त्याच घरात खून झालेला, पण पैसा कुणाच्या हाती लागलेला नसतो. आपल्याकडंही म्हणतात ना, न खाता न देता मेला तर समंध होऊन धनावर बसतो. सातासमुद्रापलीकडंही माणसाच्या मनात तेच आलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भुतं असतात असं आम्ही म्हणत नाही. गोष्ट ही गोष्ट म्हणूनच ऐकायची, अंगात आलं म्हणून कुणाला नाडायचं नाही. पण या गोष्टींत एक खरं दडलेलं आहे. शार्लटबाईंच्या भुतांना मंत्र लागत नाही, गंडादोरा लागत नाही. कागद सापडला, देणं फिटलं, खरं नाव बाहेर आलं, की भूत जातं. ज्या बाईंच्या दारात रोज देणेकरी उभे, त्यांना भीती कशाची वाटत असेल? अंधारात काय आहे याची नव्हे, तर उद्या सकाळी दार कोण वाजवणार याची. तीच भीती त्यांनी भुताच्या कपड्यात उभी केली.

१८८० साली यजमान वारले. त्यांच्यामागं राहिलेली देणी फेडायला बाई कायद्यानं बांधील नव्हत्या. तरी त्यांनी ती अंगावर घेतली आणि वर्षानुवर्षं लिहून फेडली. १८८३ साली ‘अ स्ट्रगल फॉर फेम’ ही कादंबरी आली. नशीब काढायला आयर्लंडहून लंडनला आलेल्या लेखिकेची ही गोष्ट म्हणजे बरीचशी त्यांची स्वतःचीच. पन्नासांहून अधिक पुस्तकं त्यांच्या नावावर मोजली जातात. पण काळ बदलला, तीन-तीन भागांच्या कादंबऱ्या मागं पडल्या, जुनं नाव नव्या वाचकाला ठाऊक राहिलं नाही. त्यात दुखणं जडलं. शेवटी १९०१ साली लेखकांच्या संघटनेनं, म्हणजे ‘सोसायटी ऑफ ऑथर्स’ नं, त्यांना वर्षाला ६० पौंड पेन्शन सुरू केली. त्या संघटनेची पेन्शन मिळालेल्या त्या पहिल्या लेखिका. २४ सप्टेंबर १९०६ रोजी कर्करोगानं त्यांचा अंत झाला. आईला झालेला तोच आजार.

आता ते दोन आकडे शेजारी ठेवा. एका पुस्तकाचे ८०० पौंड आणि म्हातारपणी वर्षाचे ६०. त्या एका पुस्तकाच्या पैशात तेरा वर्षांची पेन्शन निघाली असती. कमाई नव्हती असं नाही. कमाई बाईंची होती, पण तिला पाय फुटले होते ते दुसऱ्याच्या कर्जाकडं.

ही गोष्ट आम्ही काही गटांत सांगितली, तेव्हा दोन बाजू पडल्या. काही जणी म्हणाल्या, बाईंनी बरोबर केलं. शब्द पाळला, घराची अब्रू राखली, ज्यांचे पैसे अडकले होते तीही माणसंच होती. काही जणी म्हणाल्या, अब्रू म्हणजे नेहमी बाईच्याच पोटाला चिमटा का? नवऱ्याचं कर्ज फेडलं म्हणून कौतुक झालं, पण म्हातारपणी भाकर कुणी दिली? आम्हाला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. देणं फेडावं, यात वाद नाही. पण कोणतं देणं आपलं आणि कोणतं आपल्यावर येऊन पडलेलं, हे तरी बाईला ठाऊक असावं. ठाऊक असून फेडणं निराळं आणि न कळता फेडत राहणं निराळं.

हे विलायतेचं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. इंग्लंडातला १८७० चा कायदा झाल्यावर १८७४ साली आपल्या देशातही बायकांच्या मालमत्तेचा तसाच कायदा झाला. मात्र हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख, जैन बायकांना त्यातून वगळलं होतं. म्हणजे बहुतेक सगळ्याच बाहेर. पण त्यातलं सहावं कलम १९२३ च्या दुरुस्तीनं सगळ्यांना खुलं झालं आणि आजही लागू आहे. ते काय सांगतं? नवऱ्यानं स्वतःच्या जिवावर विमा काढताना, ही पॉलिसी या कायद्याखाली बायको-मुलांसाठी आहे असं पॉलिसीवरच लिहून घेतलं, तर ते पैसे बायको-मुलांसाठी राखीव राहतात. नवऱ्याचे देणेकरी त्याला हात लावू शकत नाहीत. अट एवढीच, की देणेकऱ्यांना फसवायला ती काढलेली नसावी. विमा एजंट दारात आला तर नुसता हप्ता विचारू नका, हेही विचारा. आणि हे पॉलिसी काढतानाच लिहावं लागतं, मागून नाही.

जमिनीतला लेकीचा वाटाही असाच उशिरा आला. १९५६ च्या वारसा कायद्यानं हिंदू लेकीला वडिलांच्या मालमत्तेत वारस मानलं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा जन्मजात हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि सगळ्या देशात २००५ साली मिळाला. कायद्यात नाव आलं. आता कागदावर आलं का, ते आपणच बघायचं.

तर पुढच्या बैठकीत एक काम करू या. प्रत्येकीनं आपल्या नावावरच्या कर्जाचा कागद आणायचा. वाचता न येणाऱ्या काकूंना शेजारणीनं वाचून दाखवायचा. कर्ज कुणाच्या नावावर, पैसा कुणाच्या हातात, जामीन कोण, हप्ता कोण भरतंय, हे चार प्रश्न मोठ्यानं विचारायचे. उत्तर चारही वेळा एकच आलं तर छान. वेगवेगळं आलं तर घाबरायचं नाही, कुणाला लाजवायचंही नाही. गटात बोलायचं, इतिवृत्तात लिहायचं आणि घरी यजमानांसमोरही तो कागद शांतपणे ठेवायचा. सही किंवा अंगठा देण्याआधी कागद वाचून घेणं हा अविश्वास नाही, तो आपल्या नावाचा मान आहे.

शार्लटबाईंनी चार नावं वापरली आणि एकातही ‘शार्लट’ नव्हतं. गटाच्या वहीत मात्र प्रत्येकीचं स्वतःचं नाव आहे, त्यापुढं तिची बचत आहे. ते नाव जपा. आणि हो, रात्री लेकरांना त्या उघड्या दाराची गोष्ट नक्की सांगा. दार का लागत नव्हतं, ते मात्र त्यांनाच ओळखू द्या.